रुग्ण कोंबडीची घरगुती शुश्रूषा

कुक्कुटपालनावरील बहुतेक ग्रंथ कळपाचा विचार करतात. एकट्या कोंबडीचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. ह्याचे कारण उघड आहे. हजारो पक्षी एकत्र पाळणाऱ्या व्यवसायात एका पक्ष्याच्या उपचाराचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो. शिवाय रोगी पक्ष्यापासून निरोगी पक्ष्यांस धोका असतो. यास्तव रोगी पक्षी बाजूस काढून नष्ट करणे हाच तेथे नियम होऊन बसला आहे. परंतु कोंबडीचा सगळा संसार मोठ्या शेडांतूनच चालतो असे नाही. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत भारतात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लक्ष पक्षी परसातील होते. परसातील कोंबडी प्रत्येक वेळी केवळ अंड्यांसाठी वा मांसासाठीच पाळलेली असते असेही नव्हे. पिल्लू असल्यापासून मुलांच्या हातांवर वाढलेली, नावाने हाक मारताच धावत येणारी एखादी कोंबडी अनेक घरांत असते. ती गंभीर आजारी पडली म्हणजे घरची माणसे तिला नष्ट करण्यास तयार होत नाहीत आणि पक्ष्यांच्या रोगांची चांगली जाण असलेला पशुवैद्य हाकेच्या अंतरावर असतोच असे नाही. अशा वेळी तिचे जगणे-मरणे पुष्कळ अंशी घरातील शुश्रूषेवर अवलंबून राहते. ही शुश्रूषा शरीरशास्त्राच्या कोणत्या तत्त्वांवर उभी आहे, तिची मर्यादा कोठे येते आणि कोणत्या प्रसंगी ती मुळीच करू नये, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोग लपविण्याची प्रवृत्ती

कोंबडी हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील पक्षी आहे. अशक्त दिसणे म्हणजे शिकाऱ्याचे लक्ष वेधून घेणे होय. त्यातच कळपातील कोंबड्यांमध्ये ठरीव श्रेणी असते. वरच्या श्रेणीची कोंबडी खालचीस टोचते, खालची वरचीस टोचीत नाही. नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरूप-एबे ह्याने १९२१-२२ च्या सुमारास ह्या टोचण्याच्या क्रमाचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. ह्या व्यवस्थेत दुबळेपणा उघड झालेल्या पक्ष्याची श्रेणी घसरते आणि त्यास सर्वांच्या चोची सहन कराव्या लागतात. परिणामी कोंबडी आपला आजार शक्य तितका काळ झाकून ठेवते. मालकाला ‘ती आजच आजारी पडली’ असे वाटते तेव्हा रोग बहुधा कित्येक दिवसांचा जुना असतो. घरगुती शुश्रूषेत वेळ दवडणे धोक्याचे का, ह्याचे उत्तर येथे मिळते.

आजाराची सामान्य लक्षणे अशी : पिसे फुगवून, मान आखडून एका जागी बसणे; दिवसा डोळे मिटून राहणे; शेपूट खाली पडणे; तुरा फिका, निळसर वा सुरकुतलेला दिसणे; दाण्यापाशी येऊनही न टिपणे. ह्यांपैकी काही लक्षणे निरोगी पक्ष्यातही दिसतात, ह्याचे भान ठेवले पाहिजे. खुडूक बसलेली कोंबडी पिसे फुगवून तासन्‌तास जागची हलत नाही व अन्नही थोडेच घेते. परंतु तिला डिवचले असता ती आवेशाने ओरडते व चोच मारते. रुग्ण कोंबडी प्रतिकार करीत नाही. पिसे झडण्याच्या काळात अंडी बंद होतात व पक्षी मरगळल्यासारखा दिसतो; मात्र त्याची भूक टिकून असते.

शरीर हाताने चाचपल्यास डोळ्यांना न दिसणारी पुष्कळ माहिती मिळते. उरोस्थीच्या धारेसारख्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांस मांस भरलेले असावे. ती धार सुरीसारखी हातास लागली तर पक्षी बऱ्याच दिवसांपासून खंगत आहे असे समजावे. पिसांचा भरगच्च पसारा ही कृशता बाहेरून दिसू देत नाही.

प्रथम विचारावयाचा प्रश्न

शुश्रूषेस आरंभ करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे अगत्याचे आहे : हा रोग एका कोंबडीचा आहे की सर्वांचा? १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांचा एक अत्यंत घातक विषाणुजन्य रोग ओळखला गेला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथे तोच रोग आढळला आणि भारतात त्यास त्या गावाचे नाव पडले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो मानमोडी ह्या नावाने ओळखला जातो. मान पिळवटणे, धाप लागणे, हिरवट हगवण व लुळेपणा ही त्याची लक्षणे आहेत. ह्या रोगावर औषध नाही. प्रतिबंधक लस मात्र आहे.

ह्याहून गंभीर बाब बर्ड फ्लूची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ ह्या विषाणूची लागण सिद्ध झाली. भारतातील कोंबड्यांमध्ये ह्या रोगाचा तो पहिलाच उद्रेक होता. रोग आटोक्यात आणण्यासाठी तेव्हा लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. हा विषाणू पक्ष्यांपासून माणसास क्वचित होतो, परंतु झाला तर जीवघेणा ठरू शकतो. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशा अनुसूचित रोगांची शंका येताच खबर देण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे.

यास्तव एकाच वेळी अनेक पक्षी आजारी पडणे, कोणतेही पूर्वचिन्ह न दिसता मरणे, तोंड व तुरा सुजून जांभळा पडणे, पायांवर रक्ताळलेले डाग उमटणे, परिसरात कावळे वा पाणपक्षी मरून पडलेले आढळणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर कोंबडी घरात घेऊन तिची सेवा करणे हे दयेचे कृत्य ठरत नाही. पक्ष्यास हात न लावता, मुलांना दूर ठेवून, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हाच तेथे एकमेव मार्ग होय. एका कोंबडीवरील माया आणि शेजारच्या शंभर घरांतील कोंबड्यांचा, किंबहुना माणसांचाही, जीव ह्यांच्यात निवड करण्याचा हा प्रसंग आहे, आणि त्याचे उत्तर मायेच्या बाजूने देता येत नाही. पुढील विवेचन हा संशय दूर झाल्यानंतरच्या परिस्थितीस लागू आहे.

ऊब आणि एकांत

रुग्ण कोंबडीस प्रथम कळपातून वेगळे काढावे. ह्याने संसर्ग टळतो, टोचणी थांबते आणि ती किती खाते, किती पिते व कशी विष्ठा टाकते हे कळू लागते. मोठे खोके, जाळीचा पिंजरा वा प्रशस्त डालगे ह्या कामी चालते. तळाशी कागद व त्यावर जुने सुती कापड घालावे. पेंढा वापरावयाचा असल्यास तो पूर्ण कोरडा असावा. पावसाळ्यात दमट पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू पक्ष्याच्या फुप्फुसांत जाऊन नवीनच रोग उत्पन्न करतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, आणि प्रत्येक वेळी हाताळणीनंतर साबणाने हात धुवावे. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला जातीचे जंतू माणसाच्या पोटात जाण्याचा संभव असतो.

कोंबडीचे स्वाभाविक तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाहून चार अंशांनी अधिक असते. हे तापमान राखण्यासाठी लागणारी उष्णता अन्नातून मिळते. अन्न बंद झाले की शरीर प्रथम साठविलेल्या शर्करेवर, नंतर चरबीवर आणि अखेर स्वतःच्या स्नायूंवर जगू लागते. पिसे फुगवून बसणे हा पिसांत हवेचा थर कोंडून उष्णता वाचविण्याचा प्रयत्न होय. भोवतालची हवा २७ ते ३० अंशांपर्यंत उबदार ठेवली तर हा खर्च कमी होतो व वाचलेली शक्ती रोगाशी झगडण्याकडे वळते. ह्याकरिता ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते. उष्णता पिंजऱ्याच्या एकाच टोकास द्यावी, म्हणजे कोंबडीस नको वाटल्यास दुसऱ्या टोकास सरकता येते. दिवा कापडास किंवा पेंढ्यास लागणार नाही अशा रीतीने बांधावा.

ह्या नियमास आपल्याकडील ऋतूंचा अपवाद आहे. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ऊब नव्हे तर उष्णता हेच आजाराचे कारण असू शकते. कोंबडीस घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे व पंख शरीरापासून दूर धरणे एवढेच उपाय तिच्या हाती असतात. अशा कोंबडीस सावलीत, वाऱ्यात ठेवून तिचे पाय व तुरा साध्या पाण्याने ओले करावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

हाताळण्याची रीत

पक्ष्यांस सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल नसते. उरोस्थी पुढे-मागे हलून वायुकोशांचा आकार कमी-अधिक होतो व त्यायोगे फुप्फुसांतून हवा वाहते. म्हणून कोंबडीची छाती घट्ट आवळून धरणे म्हणजे तिचा श्वास बंद करणे होय. आजारी पक्षी अशा पकडीतच दगावू शकतो. पंख कापडात सैल गुंडाळावे, तळहात पोटाखाली द्यावा आणि छाती मोकळी ठेवावी.

श्वासनालेचे द्वार जिभेच्या मुळाशीच उघडे असते. चोच फाकवून घशात पाणी वा औषध ओतले तर ते सरळ फुप्फुसात जाण्याचा संभव मोठा असतो. घरगुती शुश्रूषेत घडणारी ही बहुधा सर्वांत घातक चूक होय. द्रव पदार्थ चोचीच्या कडेस थेंबाथेंबाने लावावा. कोंबडी मान हलवून तो स्वतः गिळते. गिळण्याचीच शक्ती नसेल तर नळीने थेट अन्नपुटात द्रव घालण्याची पद्धत आहे. परंतु ती पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकल्यावाचून अवलंबू नये. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगास असते व नळी त्याच बाजूने उतरवावी लागते, एवढे तत्त्व माहीत असल्याने हात तयार होत नाही.

पाणी आणि अन्न

अन्नावाचून कोंबडी काही दिवस तग धरते, पाण्यावाचून धरीत नाही. निरोगी कोंबडी खाल्लेल्या अन्नाच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. हगवण वा धाप असल्यास ही गरज वाढते. म्हणून उपचाराचा क्रम ऊब, पाणी, अन्न असा आहे. गारठलेल्या व शुष्क झालेल्या पक्ष्याचे पचन जवळजवळ थांबलेले असते. त्याच्या अन्नपुटात भरलेले अन्न तेथेच आंबते.

माणसासाठी मिळणारी जलसंजीवनी पुडीवर सांगितलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळून पहिले चोवीस तास देता येते. शेजारी साधे पाणीही असावे. अधिक लाभ होईल ह्या समजुतीने मीठ वाढवू नये, कारण मिठाचा अतिरेक पक्ष्यांस विषासारखा बाधतो.

पाणी टिकू लागले व विष्ठा पडू लागली म्हणजे अन्न सुरू करावे. अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून केलेला मऊ लगदा, त्यात उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, हे उत्तम. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे व उरलेले दोन तासांत काढून टाकावे. अंधारात कोंबडी खात नाही. म्हणून दिवसभर चांगला उजेड व रात्री पूर्ण अंधार असा क्रम ठेवावा.

केवळ भातावर ठेवलेल्या कोंबडीविषयी येथे एक ऐतिहासिक उदाहरण देणे उचित होईल. गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात जावामधील बटाव्हिया येथे डच वैद्य क्रिस्तियान आइकमन बेरीबेरी ह्या रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. पुढे त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती असे कळले, की मधल्या काळात त्यांस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात मिळत होता आणि नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले होते. असडी तांदूळ वा कोंडा दिल्यास कोंबड्या सुधारत. कोंड्यासह निघून जाणारे द्रव्य म्हणजे ज्यास आज ब१ जीवनसत्त्व म्हणतात ते होय, हे पुढे सिद्ध झाले आणि १९२९ साली आइकमन ह्यास नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणात वा अन्यत्र घरच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या भातावरच कोंबडी पोसली जात असेल, तर तिच्या लुळेपणाचा विचार करताना हा इतिहास विसरता कामा नये.

काही विशिष्ट विकार

अन्नपुट रात्री भरलेले व सकाळी रिकामे असावयास हवे. सकाळी दाणा टाकण्यापूर्वी मानेच्या मुळाशी उजव्या अंगास हात लावून पाहावे. तेथे कठीण गोळा लागला तर गवत वा तंतूंचा अडसर समजावा; पातळ, लिबलिबीत फुगवटा असून चोचीस आंबूस वास येत असेल तर बुरशीचा संसर्ग संभवतो. कोंबडी उलटी धरून ओकारी काढण्याची रूढ पद्धत टाळावी. त्यातही द्रव श्वासनालेत शिरतो.

अंडे अडकलेली कोंबडी उभट, शेपूट खाली टाकून उभी राहते व वारंवार कुंथते. अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात व त्यांपैकी बहुतेक काळ कवच घडण्यात जातो. एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम शरीरास द्यावे लागते. ते अपुरे पडल्यास गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचनही मंदावते. कोमट पाण्यात अर्धे शरीर वीस मिनिटे बसविणे, नंतर कोरडे करून उबेत व अंधारात ठेवणे आणि कॅल्शियम देणे, हे प्राथमिक उपाय. अंडे बोटांनी दाबून फोडण्याचा यत्न करू नये. कवचाचे तुकडे आतून जखम करतात. काही तासांत गुण न आल्यास पशुवैद्य गाठावा.

विष्ठेचे निरीक्षण रोज करावे. गडद घट्ट भाग व त्यावर पांढरी टोपी हे निरोगीपणाचे चिन्ह. दिवसातून एक-दोनदा पडणारी तपकिरी, चिकट विष्ठा अंधनालेतून येते व तीही स्वाभाविक असते. उपाशी कोंबडीची विष्ठा पित्तामुळे हिरवी होते. रक्त दिसल्यास, विशेषतः तरुण पक्ष्यात, रक्ती हगवणीची शंका घ्यावी. ह्या रोगावरील अॅम्प्रोलियम हे औषध परोपजीवींस ब१ जीवनसत्त्व मिळू देत नाही. म्हणून ते चालू असता त्याच जीवनसत्त्वाची मात्रा देणे म्हणजे औषधाचा परिणाम स्वतःच पुसून टाकणे होय.

एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी पाहिली तर मारेकच्या रोगाचा विचार करावा. हंगेरीचा पशुवैद्य योझेफ मारेक ह्याने १९०७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. हा विषाणू मज्जातंतूंत बिघाड करतो. त्यावर औषध नाही.

औषधांचा विवेक

घरातील औषधांच्या डब्यातून कोंबडीस काही देण्याचा मोह आवरला पाहिजे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचा संहार झाला, हे २००४ साली सिद्ध झाले व २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडासही ते घातक आहे. प्रतिजैविकांविषयी तर अधिकच संयम हवा. विषाणुजन्य रोगावर त्यांचा उपयोग नसतो आणि अर्धवट मात्रेने औषधास न जुमानणारे जंतू मात्र निपजतात. कॉलिस्टिन ह्या माणसाच्या अखेरच्या आधाराच्या औषधाचा खाद्यप्राण्यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये ह्याच कारणास्तव बंद केला. औषध चालू असता व पशुवैद्य सांगेल तितके दिवस नंतरही त्या कोंबडीची अंडी खाऊ नयेत.

नोंद, परतणे आणि शेवट

रोज सकाळी अन्न देण्यापूर्वी तराजूवर वजन करून ते लिहून ठेवावे. खाल्ल्यासारखे दिसणे आणि खाणे ह्यांत मोठे अंतर असते. चोचीने दाणे उडविणारी कोंबडी प्रत्यक्षात उपाशी असू शकते. वजन स्थिर झाले तर शुश्रूषा योग्य मार्गावर आहे असे समजावे. न उठणाऱ्या कोंबडीची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी व शेपटीखालची पिसे कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. पावसाळ्यात मळलेल्या पिसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात.

बरी झालेली कोंबडी एकदम कळपात सोडू नये. तिची पूर्वीची श्रेणी तोवर नाहीशी झालेली असते. काही दिवस जाळीच्या आडून परस्परांस दिसू द्यावे व मग संध्याकाळी खुराड्यात शिरण्याच्या वेळी तिला आत ठेवावे.

पुष्कळ वेळा ही शुश्रूषा यशस्वी होत नाही. पाणीही गिळवत नाही, प्रत्येक श्वासास चोच उघडावी लागते, दिवसागणिक वजन उतरते आणि उजेडाकडे वा ओळखीच्या आवाजाकडेही मान वळत नाही, अशी अवस्था आली म्हणजे सेवा लांबविणे हे पक्ष्याच्या हिताचे राहत नाही. पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे हाही अशा वेळी शुश्रूषेचाच भाग मानला पाहिजे. घरात इतर पक्षी असल्यास मृत्यूचे कारण कळणे आवश्यक आहे. त्यासाठी मृतदेह थंड जागी, परंतु न गोठविता, ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत शवविच्छेदनास पाठवावा. अन्यथा विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

पाश्चरला १८७९-८० मध्ये क्षीण केलेल्या जंतूंपासून लस करण्याचे तत्त्व कोंबड्यांच्या पटकीवर काम करतानाच सापडले आणि आइकमनला जीवनसत्त्वाचा मार्ग कोंबडीच्या लुळ्या पायांनी दाखविला. माणसाच्या वैद्यकाने आजारी कोंबडीकडून एवढे घेतले आहे. त्या मानाने आजारी कोंबडीसाठी माणसाने जमविलेले ज्ञान अजून तुटपुंजे आहे, आणि एकेका घरात काळजीपूर्वक लिहून ठेवलेली वजनाची, विष्ठेची व अन्नाची नोंद त्यात भर घालू शकते.